नाल्यातल्या दोन हाका

असले किस्से कुणी सांगायला लागलं की मी लगेच शंका काढणार... कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, पुराव्याशिवाय काही पटतच नाही. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

दोनेक वर्षांपूर्वी, शिमग्याच्या आधी, सुट्टी काढून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेले होते. अस्वलांच्या अभ्यासात स्वयंसेवक म्हणून. पुण्याहून रेल्वेनं नांदुरा, पुढे एसटी. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, एवढंच काम. जोडीदार सुमन – पिंपळगाव राजाची, शिवणकाम करणारी, दरवर्षी हौसेनं येणारी.

त्या सकाळी एका कोरड्या नाल्यात आमचे दोन कॅमेरे होते. ती वरच्या कॅमेऱ्यापाशी, मी वळणापलीकडे खालच्या. एकमेकींना दिसत नव्हतो, पण हाक ऐकू गेली असती. काम आटोपून मी तिच्याकडे निघाले, तोच तिचा आवाज आला. अगदी स्पष्ट.

"ताई, नाल्यातून येऊ नका! वर चढा!"

मी झुडपांना धरत, खरचटत काठ चढले. वरून पाहते तर वळणावर अस्वल! मादी, पाठीवर दोन पिल्लं, वारूळ उकरतेय. तशीच पुढे गेले असते तर थेट तिच्या पुढ्यात... समोरच्या काठावर सुमन, तोंडावर हात दाबून उभी.

अस्वल निघून गेलं, तशी मी धावत तिच्याकडे गेले.

"बरं झालं हाक मारलीत!"

"मी कुठी मारली? तुमीच तं मले म्हणल्या, वर चढ म्हणून!"

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही हो."

"आवाज तुमचाच होता, ताई. पण..." ती अडखळली. "तुमी आमच्यावानी बोलल्या. 'सुमन, खाली नको येऊ वं! वर चढ!' असं."

ते वऱ्हाडी 'वं' मला आजही नीट म्हणता येत नाही. आणि मी ऐकलेली सुमन तर माझ्यासारखीच बोलली होती.

आमच्यासोबत आलेले वनरक्षक जीपपाशी होते, त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. नंतर कुणी प्रतिध्वनी म्हणालं, कुणी नकला करणारा कोतवाल पक्षी. पण न बोललेल्या शब्दांचा प्रतिध्वनी कसा येईल? आणि पक्षी नाव घेऊन हाक मारेल?

त्या सकाळी जीपकडे परतताना सुमन वाटेतच थांबली.

"माह्या बाबाले अस्वलानंच फाडलं, ताई. सरपण आणाले गेले होते... असाच नाला होता. मी लहान होतो तवा."

मी तिचा हात धरला. ती रडत नव्हती.

"आपल्याले कोणीतरी वाचोलं, बरं झालं," ती म्हणाली. "पण मंग बाबाले काऊन नाही कोणी हाक मारली?"

आवाज कुणाचे होते, हे कोडं मी एक वेळ बाजूला ठेवू शकते. सुमनच्या प्रश्नाचं मात्र काय करायचं, ते अजून कळलेलं नाही.