सतरा नंबरची रांग

आल्फ गार्बट यांचं डोकं फिरलंय, असं आमच्या स्केल्बीत सगळे म्हणतात. पोलाद कारखाना बंद झाला, भट्टी सुरुंग लावून पाडली, तरी म्हातारा रोज डबा घेऊन कामावरच्या बसची वाट बघतो म्हणे. चिप्सच्या दुकानातल्या बाई तर मान हलवत, नाकातून सूर काढत सांगतात, "बिच्चारा गं! अजून पाळीवर निघतो!"

साफ खोटं. डबा असतो, पण त्यात कस्टर्ड असतं, बायकोसाठी. आयरीन नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात आहे. नवऱ्याचं नाव तिला आठवत नाही, पण त्याने चमचा पुढे केला तरच ती तोंड उघडते. नर्सने केला की ओठ घट्ट. आणि तिकडे जाणारी सतरा नंबर ही एकच बस आता उरली होती. डोळ्यांमुळे गार्बटना गाडी चालवायला बंदी आहे.

उन्हाळ्यात थांब्यावर सूचना लागली: प्रवासी कमी आहेत, आठवडाभर मोजणी होईल, मग बस ठेवायची की नाही ते ठरेल.

"डोकी मोजायला येतायत," गार्बट शब्द गिळत म्हणाले. "कारखान्यातही आधी मोजायलाच आले होते, पोरी. टाय लावून. आमची बिस्किटं खाऊन गेले."

"आपण बस भरून दाखवू ना, मिस्टर गार्बट! माणसं दिसली तर बंद कशी करतील?"

"करतील."

"लावता पैज?"

"पार्मो. मोठा. वर चीज भरपूर."

कोंबडीचा तो तळलेला, चीजखाली गाडलेला तुकडा मला आताच दिसायला लागला. मीच जिंकणार होते.

आमच्या माणसांकडे मदत मागितली की ती आभाळाकडे बघतात. पण रांग दिसली की पाय आपोआप थांबतात. म्हणून सोमवारी गार्बटांच्या मागे मी आणि माझी डेब्समावशी तोंड गंभीर करून उभ्या राहिलो. थोड्याच वेळात मागे एक गृहस्थ लागले, त्यांच्यामागे दोन आज्या.

"कसली रांग म्हणायची ही?"

"काय की. सरकत नाहीये."

"मग महत्त्वाची असणार."

लाल कोटातल्या एका बाईने तर ठरवूनच टाकलं, की ज्याची सगळे वर्षानुवर्षं वाट बघतायत तो सरकारी दंतवैद्य गावात आलाय आणि नवे रुग्ण घेतोय. तिने बहिणीला फोन केला. बहीण सुजलेला गाल धरून धावत आली. रांग कुलूप लागलेल्या वाचनालयापर्यंत गेली.

"बस?" बहिणीला कळलं तेव्हा तिचे डोळे भरले. "नुसती बस?" पण रांग तिनेही सोडली नाही. इतका वेळ उभं राहिल्यावर नंबर कोण सोडतो?

बस आलीच नाही.

मी कंपनीला फोन लावला. "आपला कॉल आमच्यासाठी अतिशय मोलाचा आहे," ती मधाळ बाई म्हणत राहिली. (ही बाई मला हुबेहूब जमते, घरी सगळे हसून लोळतात.) शेवटी एक जिवंत माणूस बोलला: "चालक नाही हो. आज रद्द." मंगळवारीही चालक नाही. बुधवारीही. रांग रोज लागली, दिवसागणिक आखूड होत गेली. शुक्रवारी आम्ही तिघंच होतो. मोजणारा माणूस बसमध्ये बसून येणार होता, त्यामुळे तोही आला नाही.

पुढच्या पंधरवड्यात नवी सूचना लागली. मोजणीच्या आठवड्यात या थांब्यावरून एकही प्रवासी चढला नाही, सबब सतरा नंबर बंद करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

टॅक्सी गार्बटना महिन्यातून एकदा परवडते. आश्रमातून फोन येतो तेव्हा ते फक्त ऐकून घेतात, "खाल्लं का?" असं आता विचारत नाहीत.

मी पार्मो घेऊन गेले. त्यांनी खोकं उघडलं, चीजचा कोपरा काट्याने उचलून बघितला.

"चीज कमी घातलंय," म्हणाले.

कमी नव्हतं. पण मी पैज हरले होते, म्हणून म्हटलं, "हो ना, कंजूष लेकाचे."