कालवडीच्या ओढीने फुलसावंगीला

यवतमाळहून सकाळी निघालेली एसटी महागावच्या अलीकडे बंद पडली. उरलेली वाट मी टेम्पोत, सरकीच्या पोत्यांवर बसून काटली. फुलसावंगीला उतरले तेव्हा ओढणीभर कापसाचे तंतू चिकटले होते.

सलग काही वर्षं कापसाने दगा दिल्यामुळे इथल्या बायका दुधाकडे वळत होत्या. त्यांना कालवडी हव्या होत्या, आणि महागड्या यंत्राशिवाय त्या मिळतील का, हे आम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासत होतो. वळूचं वीर्य एका द्रावणात ठेवलं की गोऱ्हा देणारे शुक्राणू वर पोहतात, कालवड देणारे सुस्तावून तळाशी राहतात. तळाचं तेवढं घ्यायचं. साधी काचनळी पुरते. अशा मात्रा दिलेल्या दोन गाई गावातल्या वंदनाताईंकडे होत्या. एक व्यायल्याचा त्यांचा फोन आला, म्हणून मी निघाले होते.

गोठ्यात शिरले तर समोर आठ दिवसांचा गोऱ्हा!

"फोनवर का नाही सांगितलंत?" मी ओशाळून विचारलं.

"सांगतलं असतं तं तुमी आल्या नसत्या," वंदनाताई हसल्या. "आन् कधी कधी चुकते, हे तुमीच बोलल्या होत्या. पयले (आधी) जेवून घ्या."

भाकर आणि आलू-वांग्याची झणझणीत भाजी खात असतानाच दुसऱ्या गाईला कळा सुरू झाल्या. बराच वेळ एकच खूर दिसत राहिला. वंदनाताईंचं हसू मावळलं. त्यांनी डॉक्टरांना फोन केला. मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली बाई. शेपटी धरून उभी राहण्यापलीकडे मला काही येईना.

डॉक्टर आले. त्यांनी आत दुमडलेला पाय सरळ केला आणि म्हणाले, "आता ओढा." आम्ही तिघांनी ओढलं. वासरू बाहेर आलं, शिंकलं. वंदनाताईंनी त्याचा पाय उचलून पाहिलं.

"कालवड हाय," त्या म्हणाल्या आणि तिथेच शेणात बसून डोळे पुसू लागल्या.

गलका ऐकून शेजारचे पांडुरंगकाका आले. त्यांची नजर मात्र गोऱ्ह्यावर खिळली.

"वंदना, तुले हा नको असल तं मले दे. माह्या बैलांची जोडी मोडली."

"दूध तुटू द्या, मंग न्या," वंदनाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत, मांडीवर खरवसाचा डबा सांभाळत मी नोंदवही उघडली. कालवडीपुढे 'यश' लिहिलं. गोऱ्ह्यापुढे 'अपयश' लिहिताना हात थबकला. प्रयोगापुरतं ते खरं होतं, म्हणून लिहिलं. पण त्याखाली आणखी एक ओळ घातली: याला पांडुरंगकाका नेणार आहेत.