पडद्यामागून पाहिलेला सिनेमा

या महिन्यात घरी दोन सिनेमे पाहिले, एक नवा आणि एक जुना. नवा पावणेतीन तासांचा. त्यात नायक पाऊण तास नुसता चालत येतो. कथा खेड्यातली, पण कुणाच्या पायाला माती लागलेली नाही. छायाचित्रण मात्र उत्तम, हे मान्य करायला हवं.

जुना आईसाठी लावला. ती पाचोडला एकटी राहते. गोळी घेतली की नाही, हे तिला दोनदा आठवेना, म्हणून मी तिला इकडे आणलं. विसरणं वाढलं तर एकटीला ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. हे तिनं ऐकलं होतं.

हा सिनेमा तिनं नवी नवरी असताना पाचोडच्या बाजारात, तंबूत पाहिलेला. गाणी तोंडपाठ. पण तलवारबाजी सुरू झाली आणि ती म्हणाली, "ह्यो त्यो नाय. त्यो डावरा व्हता."

"आई, हाच आहे. उजव्या हातात तलवार आहे बघ."

"डावरा व्हता म्हणते ना! अन् वाडा त्या अंगाला व्हता."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. हिशेब जुळेना की मी पहिल्यापासून तपासतो. तसंच विचारलं, "तू बसली कुठं होतीस?"

"कुठं म्हंजे? बायांत, पडद्याच्या मागं. म्होरं समदे बाप्ये, तुझा आजा बी. सासऱ्याच्या शेजारी बसू व्हय?"

पडदा पातळ, तंबूच्या मधोमध. मागून सगळं उलटंच दिसणार.

लोखंडी कपाटाच्या दाराला आरसा आहे. मी ते दार उघडून टीव्हीकडे वळवलं, आईची खुर्ची त्यासमोर ठेवली. तलवार डाव्या हातात आली.

"हां! आता कसा वळणावर आला!"

उरलेला सिनेमा तिघांनी आरशातच पाहिला. मध्यंतरानंतर कथा ढिली पडते, शेवट घाईचा. तरी गाण्यांमुळे नव्यापेक्षा हा सरस. शिवाय त्या तंबूवाल्याचे माझ्यावर उपकार आहेत.

एका सिनेमानं डॉक्टरांची शंका फिटत नाही, हे मला कळतं. म्हणून वारांप्रमाणे खण असलेली गोळ्यांची डबी आणली आहे.

शेवटची पाटी उलटी उमटली. मला वाचता आली नाही.

"संपला," आई म्हणाली. "आता पाचोडची यष्टी कवा हाय, ते बघ."

मी बघितली. रविवारी सकाळची आहे.