आतोबांची अनुमती

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, उभ्या जन्मात कुणालाही नकार दिलेला नव्हता. त्यांचे पणजोबा म्हणे दरबारात आल्यागेल्याची वर्दी देण्याच्या कामावर होते. दरबार गेला, काम गेलं, पण पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवायचं नाही हे व्रत दाना ओली नावाच्या गल्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत अजून चालू आहे. एकदा माझ्याकडे किला गेटला यायला निघालेले आतोबा भलतीकडेच, महाराज बाड्याच्या चौकात, जाऊन उतरले, कारण सवाऱ्या भरणाऱ्या टेंपोवाल्याने "बाडा चलो, बाबूजी" असं फार प्रेमाने म्हटलं होतं. त्याचं मन मोडवेना. बाड्याला दोन चकरा मारून ते तसेच घरी गेले. एका जागी स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तातच नाही. कडी वाजली नसली तरी मधूनच उठून दार उघडून बघतात. आत्या गेल्यापासून तर फारच.

अशा माणसाजवळ त्यांची मुलगी कॅनडाला जाताना संगणक ठेवून गेली. पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उघडून कुणी "सूचना पाठवू का?" असं विचारलं, की आतोबा सदऱ्याचं वरचं बटण लावून "अनुमती द्या" दाबत. मी चिडलो की म्हणत, "अरे, किती अदबीने विचारून राहिलाय तो. त्याला मना कसं करायचं?" मग केस उगवणारं तेल आलं, पोट उतरवणारा काढा आला, लग्न जुळवणारे ज्योतिषी आले. ब्राउझर उघडला की भलत्याच कुणाचं तरी पान आधी हजर व्हायचं. "तुमचा संगणक धोक्यात आहे" हे वाचून तर त्यांना भरून आलं. "आजकाल कोण कोणाची एवढी फिकीर करतं?" असं म्हणून त्याने सुचवलेला उपाय त्यांनी लगोलग उतरवून घेतला, आणि त्या उपायाने उरलीसुरली जत्रा घरात आणली. मी तासभर समजावलं. त्यांनी सगळं मान्य केलं, कारण त्यांच्याने मलाही नाही म्हणवत नव्हतं.

पण दर रविवारी सकाळी नऊला कॅनडाहून नात ओवी संगणकावरच्या व्हिडिओ फोनवर बोलायची. वर्षभर आतोबांनी तिला पडद्यावरून मराठी अक्षरं शिकवली होती, आणि त्या रविवारी ती स्वतः लिहिलेलं पहिलं पत्र वाचून दाखवणार होती. तिने "प्रिय आजोबा" म्हटलं आणि तिच्या तोंडावर तेलाची बाटली आली. बाटली हटते तो काढा. आतोबा एकेकाला "पाच मिनिटं बसा हो" असं विनवत राहिले, आणि त्या गडबडीत फोनच तुटला. तुटण्याआधी ओवीचं रडणं तेवढं ऐकू आलं. "तुम्ही ऐकतच नाही आहात," असं ती म्हणाली होती.

आतोबांनी बोलावलं म्हणून मी पोचलो, तेव्हा ते खोलीत येरझारा घालत होते. "सगळ्यांना काढ," ते म्हणाले. हे त्यांच्या तोंडून ऐकताना मलाच कसंतरी झालं. मी न मागता आलेले प्रोग्रॅम काढले, दिलेल्या अनुमत्या एकेक करून रद्द केल्या. आतोबा शेजारी उभे राहून प्रत्येकाचं नाव विचारत होते. शेवटी एक नवी चौकट उगवली. मी माऊस त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी हात जोडले, "क्षमा असावी" म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा "ब्लॉक करा" दाबलं. मग खुर्चीत बसून घाम पुसला.

फोन पुन्हा लागला. ओवी अजून थोडी रुसलेली होती, पण तिने कागद उघडला आणि अक्षरावर बोट ठेवत वाचलं, "प्रिय आजोबा, मी सुट्टीत तुमच्याकडे राहायला येऊ का?"

अख्ख्या जगाला अनुमती देणाऱ्या माणसाला तेवढं एक "ये" म्हणता येईना. ते नुसतीच होकाराची मान हलवत राहिले, आणि पडद्यावर त्या वेळी ओवीशिवाय कुणीही नव्हतं.

सुट्टीला अजून दोन महिने आहेत. आतोबा तसेच मधूनमधून उठतात, दार उघडून गल्लीच्या टोकापर्यंत बघतात आणि आत येतात. मी आता त्यांना बसा म्हणत नाही.