रिकामा रेचा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या वहिनीचे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि दादा पलटणीत होता. अकोल्याच्या घरी वहिनी कापसातली सरकी काढायचा लाकडी रेचा फिरवी. शेजारी बसून मी धडे घोकी. चुकलो तर तिला कळत नसे, थांबलो की लगेच कळे. "भाऊजी, तोंड काहून बंद झालं?"

मग दादा परत आला. त्याच्याजवळ बंदुकीच्या दारूची पेटी फुटली होती. जखमा भरल्या, पण झोप गेली ती गेलीच. साधं भांडं पडलं तरी तो जमिनीला चिकटे. एका दुपारी रेच्याच्या कुरकुरीत तो भिंतीला टेकून गाढ झोपला. तेव्हापासून तेच औषध ठरलं. माझ्या घोकण्याने मात्र तो दचके.

"भाऊजी, तुमी ओसरीवर बसा. यायले झोप लागून राहिली."

मी ओसरीवर गेलो. त्या वर्षांत अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस येईना, म्हणून व्यापारी आमचा कापूस मागू त्या भावाने नेत. चैत्रात घरात बोंडही उरलं नाही. वाटलं, आता वहिनी माझी. आत डोकावलो, तर ती रिकामाच रेचा फिरवत होती. माझ्यासाठी तिने असं कधी केलं होतं?

दुसऱ्या दिवशी ती नदीवर गेल्यावर मी रेच्यात जवसाचं तेल सोडलं. रेचा मुका झाला. तीन दुपारी दादाचा डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी रस्त्यात बैलगाडीचं जू आदळलं आणि तो धावत काटेरी कुंपणात घुसला.

वहिनीने त्याचं रक्त पुसलं. मग विचारलं, "तेल कोणं टाकलं?"

"तुमचे हात दुखते म्हून."

"माहे हात तुमाले आजच दिसले?"

ती राखेने रेचा घासू लागली, तो कुरकुरेपर्यंत. पुढे अमरावतीच्या शाळेत जाताना माझी शिदोरी तिनेच बांधली. मुंबईत पदवी मिळाली त्या दिवशी मी तिला लिहिलं:

"तीर्थरूप वहिनीस साष्टांग नमस्कार. परीक्षेत उतरलो, ते तुमच्यामुळे. पलटणीत दादा अक्षरं शिकला आहे, तेव्हा हे पत्र तोच वाचील, म्हणूनच लिहितो. तेल तुमच्या हातांसाठी नव्हतं. दादाला तुमच्याजवळ झोप लागे, ते मला बघवत नव्हतं. अजूनही नीटसं बघवत नाही. दादा, थांबू नकोस, पुढे वाच. सुटीत येतो आहे. दुपारी रेचा मी फिरवीन. वहिनी, तुम्हीही जरा पडा."