वारंगा फाट्याचं लग्न आणि आमचं तापलेलं इंजिन

आमची गाडी आधी दुरुस्त झाली आणि मग बिघडली.

दुरुस्तीआधी ती बिचारी फक्त गळत होती. रेडिएटरमधून पाणी ठिबकायचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यात हळदसुद्धा टाकून पाहिली. (हळदीनं बरं न होणारं दुखणं जगात असू शकतं, हे हिंगोलीच्या माणसाला पटवणं अवघड आहे.) शेवटी गाडी सलीमभाईंच्या गॅरेजात गेली. त्यांनी रेडिएटर नवा बसवला, पाण्याचा पंप बदलला, हिरवंगार कूलंट भरलं, स्वतः गावभर चक्कर मारून आणली आणि म्हणाले, "अण्णा, आता बिनघोर मुंबईला जावा."

आम्हाला मुंबईला जायचं नव्हतं. वारंगा फाट्याला जायचं होतं, माझ्या आतेबहिणीच्या, वैशालीच्या लग्नाला. आणि अण्णांना उशीर करून चालणार नव्हतं, कारण ते नवरीचे मामा! मामानं हाताला धरून आणल्याशिवाय नवरी मंडपात येत नाही. त्यात वैशालीचे वडील ती लहान असतानाच गेले. अण्णांनीच तिला शिकवलं, मोठं केलं. "मामा आल्याबिगर मी खोलीतून पाय बाहेर काढणार न्हाई, मुहूर्त गेला तरी चालंल," असं तिनं आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं.

मुहूर्त साडेबाराचा. मुहूर्त ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, असं पत्रक मी स्वतः लिहून वाटलेलं आहे. तरी त्या सकाळी "साडेबारा चुकता कामा नये!" असं सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होते.

हे लग्न हुंड्याशिवाय होत होतं. एवढी मोठी गोष्ट गुपचूप कशी होऊ द्यायची? मी फलक केला: 'हुंडा देणार नाही, घेणार नाही!' प्लॅस्टिकचा फ्लेक्स मला तत्त्वतः मान्य नाही, म्हणून जाड मांजरपाटाचं कापड घेतलं. फडफडू नये म्हणून ते दुहेरी शिवलं. सकाळी गाडीच्या पुढच्या अंगाला बांधताना नंबरप्लेट झाकली नाही, कारण कायदा. दिवे झाकले नाहीत, कारण सुरक्षितता. मग दोन दिव्यांच्या मधली जाळी तेवढी मोकळी राहिली होती. तिथं सुतळीनं करकचून बांधला!

कळमनुरी यायच्या आधीच अण्णा म्हणाले, "काटा वर चढून राहिला गं."

"कोणता काटा?"

"गरमीचा! अजून कोणता?"

गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं तर आत चुलीवर आधण ठेवल्यासारखा आवाज. मी ताबडतोब सलीमभाईंना फोन लावला आणि ग्राहक म्हणून माझे हक्क त्यांना समजावून सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, पाइपात हवा अडकली असंल. आधी इंजिन थंड होऊ द्या. मंग गाडीचं तोंड चढावर करा, रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू ठेवा, बुडबुडे निघून जातील. अन् आतला हीटर फुल करा."

"हीटर? मे महिन्यात?"

"इंजिनची गरमी तिकडून निघती ना, ताई!"

निघाली. थेट आईच्या अंगावर! आई रेशमी साडीत, अंबाड्यात गजरा. बुडबुडे बाहेर काढून, झाकण लावून आम्ही पुढं निघालो खरे, पण हीटर चालूच ठेवला होता. थोड्याच अंतरात गजऱ्याची भाजी झाली.

"अहो," आई म्हणाली, "मला लग्नाला नेऊन राहिले का भाजून राहिले?"

"जरा दम धर. काटा खाली येऊन राहिला."

काटा खाली येत नव्हता. आखाडा बाळापूरच्या बाजारात गाडीनं असा काही वाफेचा फवारा सोडला की भाजी घेणाऱ्या बाया बाजूला पळाल्या. लगेच गर्दी जमली. प्रत्येकाला इंजिनातलं कळत होतं.

"पंप गेला."

"पंप न्हाई, पंखा गेला."

"पंखा फिरून राहिला की! डोळे गेले का तुमचे?"

"हळद टाका, हळद!"

तेवढ्यात आत्याचा फोन आला. "भाऊ, कुठं हाव तुमी? गुरुजी घाई करून राहिले. पोरगी खोलीत बसून हाय, कुणाचंच ऐकंना!"

अण्णांचा चेहरा पाहून माझ्या अंगाचा भडका उडाला. नवरीचा मामा रस्त्यात अडकतो आणि नवा पंप बसवणारा माणूस फोनवर बुडबुड्यांच्या गोष्टी सांगतो! मी गाडीच्या पायरीवर उभी राहिले आणि बाजाराला उद्देशून भाषण केलं. "ही दुरुस्तीच्या नावाखाली चाललेली लूट आहे!" (टाळ्याही पडल्या. एका आजोबांनी विचारलं, "कोण उभं राहिलं गं विलेक्शनला?") मग गाडीच्या पुढचा फलक सोडला, शेजारच्या दुकानातून जाड पेन आणलं आणि मांजरपाटाच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं: 'लूट थांबवा! जाब द्या!' परत येताना गॅरेजसमोर धरायचा माझा पक्का निर्धार होता.

इंजिन निवल्यावर अण्णांनी पाणी भरलं. "बस लवकर. मागं बसून लिही काय लिहायचं ते."

आणि चमत्कार झाला! गाडी निघाली ती वाऱ्यासारखी. काटा मधोमध येऊन निवांत बसला. अण्णांनी हीटर बंद केला तरी हलेना.

"बघ," अण्णा म्हणाले, "मी पाणीच तसं भरलं."

"मी देवाला नारळ बोलले," आई म्हणाली.

माझ्या भाषणाचा परिणाम यंत्रांवरही होतो, याबद्दल माझ्या मनात मात्र शंका उरली नव्हती.

फाट्याच्या अलीकडं मी ओरडले, "अण्णा, थांबवा! मांडवात गाडी फलकासकट गेली पाहिजे."

"अगं, वेळ काय झाला!"

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

उतरले, हुंड्याची बाजू बाहेर केली, आणखी करकचून बांधला. निघालो. समोर मंगल कार्यालयाची कमान दिसायला लागली आणि अण्णा किंचाळले, "काटा! काटा चढून राहिला!"

"काहून?" आई म्हणाली. "आत्ता तर बरी होती. ही उतरून आली अन्..."

आई थांबली. अण्णांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. जाळीतून वारा आत जातो, तो वारा रेडिएटरला लागतो, आणि त्या वाऱ्याच्या वाटेवर मी सकाळी आणि आता पुन्हा दुहेरी मांजरपाट करकचून बांधलं होतं!

"अण्णा," मी म्हणाले, "पंप चांगला आहे."

गाडी थांबताच उडी मारून सुतळी दातांनी तोडली, फलक काखेत घेतला आणि "चला!" म्हणाले. काटा हळूहळू उतरत गेला, गाडी डौलात कमानीखालून आत शिरली आणि सनईवाल्यांनी नवरदेव आलाय असं समजून जोरात सुरू केलं. अण्णा चप्पल गाडीतच विसरून धावले. खोलीचं दार उघडलं. वैशाली म्हणाली, "मामा, किती घामाघूम झालात!" आणि रडायलाच लागली. अण्णाही रडले. मग तिचा हात धरून, अनवाणी, छाती पुढं काढून ते असे मंडपात आले की मुहूर्तानं त्यांच्यासाठी थांबून राहावं!

मीही मागं राहिले नाही. अक्षता पडताच मंचाच्या मधोमध दोन्ही हातांनी फलक उंच धरला. आमची माणसं 'हुंडा देणार नाही, घेणार नाही!' वाचून टाळ्या वाजवत होती. माझ्या पाठीमागं मात्र नवरदेवाचे वडील उभे होते. त्यांच्या बाजूला होतं: 'लूट थांबवा! जाब द्या!' ते हळूच पुढं येऊन कानाशी म्हणाले, "पोरी, आमी तर टॉवेल-टोपीबी घेतली न्हाई गं!"

त्यांची माफी जेवणाच्या पंगतीत मागितली, आग्रह करून जिलेबी वाढली. सलीमभाईंची मात्र फोनवरच मागावी लागली. जाळी, मांजरपाट, सुतळी, सगळं खरंखरं सांगितलं. मला वाटलं, माणूस फार दुखावला असणार.

मग ते म्हणाले, "ताई, माफीचं राहू द्या. असले फलक अजून चार-पाच गाड्यांना बांधता का? धंदा लई मंदा चालू हाय."