कांजूरला केलेली बदली
फिनेलचा वास आला की बायको आठवते. गोरेगावच्या एका कंपनीत ती लादी पुसायची. तिथल्या वॉचमनने जिन्यात तिचा गळा दाबला, ती ओरडली म्हणून वाचली. चौकीत हवालदार म्हणाला, "जीव वाचला ना, काका? मग मिटवून टाका." कंपनीचा साहेब म्हणाला, "उद्याच त्याची कांजूरला बदली करतो, झालं?" ही मानेवरचे वळ पदराने झाकत म्हणाली, "का ओ साहेब, तिकडे बायका नाहीत काय?" साहेब हसला. तिकडे त्या वॉचमनने एकामागून एक तिघींना ठार मारलं, तेव्हा कुठे सापडला. परवा इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आला, "बाई आहेत का घरात?" म्हटलं, गेल्या वर्षी तापाने गेली, तोवर घरातच होती.